बंदरातल्या बोटींची यादी

९ जून १९९९, बुधवार

छबूवहिनी आजही येऊन बसल्या. अकरा ते एक, बूथच्या बाकावर, फोनकडे बघत. त्यांच्या वस्तीवर फोन नाही, म्हणून सचिनचा फोन आमच्याच नंबरावर येतो. शेवटचा आला तो वीस मे रोजी, अरबस्तानातल्या फुजैरा नावाच्या बंदरातून. "आता कराचीला चाललोय, तिथं तांदूळ भरून आफ्रिकेला," असं म्हणाला होता. मग कारगिलचं सुरू झालं आणि पोराचा पत्ता लागेना.

सचिन मालवाहू बोटीवर आचारी आहे. नगरला लष्कराच्या मेसमध्ये चार वर्षं रोट्या लाटल्या, मग एका एजंटाने समुद्रावर पाठवला. बोट पनामाची, मालक कुठला ग्रीक, आचारी केडगावचा. एजंटाच्या मुंबईच्या ऑफिसात फोन वाजतो, उचलत कोणी नाही.

"भाऊ, लढाई डोंगरात हाय ना?" वहिनी म्हणाल्या. "मंग पान्यातला फोन का बंद?"

मी चहा मागवला.

११ जून

प्रज्ञाने आज मोठं काम केलं.

कॉम्प्युटर तिच्याच हट्टाने फेब्रुवारीत घेतला. मी टेलिफोनच्या खांबांवर चढणारा माणूस. खांबावरून पडलो, डावा पाय निकामी झाला, तेव्हा खात्याने हा बूथ दिला. तारेचं मला कळतं. तारेतून काय येतं-जातं ते माझ्या मुलीला कळतं. पुण्याचा नंबर लावायचा, यंत्र शिट्टी मारतं, खरखरतं, आणि जग समोर येतं.

आज तिने कराचीचं एक इंग्रजी वर्तमानपत्र काढलं. त्याच्या एका पानावर बंदरातल्या बोटींची यादी असते. बोटीचं नाव, माल कोणता, कधी आली, धक्क्याला आहे की बाहेर नांगरून. त्यात 'मरीना ग्रेस' होती. तांदूळ, एक जून, नांगरलेली. प्रज्ञाने त्या नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. काचेवर डाग पडेल असं ओठांवर आलं होतं, पण बोललो नाही.

बोटीचं नाव खुद्द वहिनींना सांगता येत नाही. प्रज्ञाने ते कसं लक्षात ठेवलं कोण जाणे. लहानपणापासून तिचं पाठांतर चांगलं आहे.

१८ जून

आता रोजचा क्रम बसला आहे. बुद्धवंदना म्हणून मी बूथ उघडतो, प्रज्ञा यादी काढते, वहिनी शेतात जाता जाता दारातूनच विचारतात, "हाय का?" प्रज्ञा म्हणते, "आहे." वहिनी पुढे जातात.

आज जरा थांबल्या. म्हणाल्या, "नाव हाय म्हनलं की पोरगं जेवलं असं वाटतं बघा."

शेजारचा आसाराम, किराणा दुकानवाला, पुडी बांधता बांधता म्हणाला, "वहिनी, आचारीच उपाशी राहिला तर बोटीवरचे बाकीचे कधीच गेले असते की."

वहिनी हसल्या. महिन्यात पहिल्यांदा.

दुपारी पुणे रस्त्यावरून लष्कराच्या गाड्या गेल्या. लोक रस्त्याच्या कडेला उभे होते, मीही हात जोडून उभा राहिलो. मागे वळलो तर माझ्याच दुकानात त्यांच्या शत्रूचं वर्तमानपत्र उघडं होतं. मनाला बरं वाटलं नाही. प्रज्ञाला म्हणालो, यादी तेवढी बघ, बाकीचं वाचू नकोस.

"बाबा, बाकीचं वाचल्याशिवाय बोट का अडकली ते कसं कळणार?"

बरोबर आहे. तरी मनाला बरं वाटलं नाही ते नाहीच.

१ जुलै, गुरुवार

पान उघडत नाही. मला वाटलं जोड ढिला झाला. स्टुलावर चढून पेटी उघडली, तारा साफ केल्या, पुन्हा आवळल्या. माझी बायको रतन खालून स्टूल धरून ओरडत होती की एक पाय गेला तेवढा पुरे झाला. बाकी सगळी पानं उघडतात. हे एकच नाही.

३ जुलै

दोष तारेत नव्हता. प्रज्ञाच्या पुण्याच्या मैत्रिणीकडून कळलं, सरकारनेच ते वर्तमानपत्र बंद केलं आहे. देशभर. तिकडचा टीव्ही आधीच बंद केला होता.

संध्याकाळी मी प्रज्ञाला सांगितलं, विषय संपला. लढाई चालू आहे, सरकारला काहीतरी दिसलं असेल. आपण परवान्यावर बसलेली माणसं. ती वाद घालेल असं वाटलं होतं. तिने मान हलवली आणि आत गेली.

५ जुलै

"हाय का?" वहिनींनी विचारलं. "मशीन बिघडलंय," मी म्हणालो. काल हेच सांगितलं आणि परवाही.

आज पहाटे पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला अडखळलो. खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन, हे रोज म्हणायचं आणि तासाभराने दारात उभ्या असलेल्या बाईशी खोटं बोलायचं.

रतन म्हणते, "पोरगी धड जेवत न्हाई दोन दिस झालं." उकाडा फार आहे. पाऊस दडी मारून बसलाय.

६ जुलै

वहिनींना खरं सांगितलं. त्या खुरपं हातात घेऊनच उभ्या होत्या.

"सरकारनं बंद केलं? माझ्या सचिनचं नाव?"

"नाव नाही वहिनी. सगळा पेपरच."

"त्यात सरकारला वाईट लिव्हलंय?"

"असेल."

"बोटींच्या यादीत बी?"

मी बाकावरची धूळ झटकू लागलो. त्या म्हणाल्या, "न्हाई, मी आपलं इचारलं. तुमच्यावर राग न्हाई," आणि गेल्या. राग असता तर बरं झालं असतं.

रात्री जेवल्यावर मी अर्ज लिहिला. महोदय, विषय: बंद केलेल्या वर्तमानपत्रातील फक्त बोटींची यादी पाहण्यास परवानगी मिळणेबाबत. सातवीपर्यंतच शिकलो, पण अर्ज मला लिहिता येतो. अर्जांवरच आयुष्य गेलं.

८ जुलै

कलेक्टर कचेरीत दीड तास गेला. अर्ज कोणत्या टेबलाकडे द्यायचा तेच कोणाला कळेना. एक म्हणाला टेलिफोन खात्याकडे जा, दुसरा म्हणाला गृह शाखा. शेवटी मला करमणूक शाखेत पाठवलं, कारण सिनेमा आणि केबल टीव्ही त्यांच्याकडे आहे.

तिथल्या कारकुनाने अर्ज दोनदा वाचला. चांगला माणूस वाटला.

"काका, पेपर पाकिस्तानचा, बोट पनामाची, बंदी दिल्लीची. यात नगर जिल्ह्याचं काय आहे?"

"मुलगा," मी म्हणालो.

त्याने शिक्का मारला, आवक नंबर घातला आणि प्रत माझ्या हातात दिली. बसमध्ये ती प्रत मी घडी न घालता धरून ठेवली.

१० जुलै, शनिवार

प्रज्ञा दुपारी समोर येऊन बसली. "बाबा, एक वाट आहे. तुम्ही नको म्हणालात तर करणार नाही."

तिने समजावलं ते असं. इटलीत कुठल्यातरी संस्थेने एक यंत्र ठेवलं आहे, गरीब देशांतल्या अभ्यासकांच्या सोयीसाठी. त्या यंत्राला ई-मेलने कळवायचं की अमुक पान हवं. ते यंत्र ते पान स्वतः उघडतं आणि त्यातला मजकूर पत्र करून आपल्याला पाठवतं. पान आपण उघडतच नाही. पत्र मात्र येतं.

"ही चोरी नाही का?"

"पत्र मागवणं चोरी आहे का?"

"सरकारने नको म्हटलंय."

"हो," ती म्हणाली. "ते मी लपवत नाहीये."

मी तिला संध्याकाळी सांगतो म्हणालो.

आमचं गाव अकोले तालुक्याच्या डोंगरात. मी सहा-सात वर्षांचा असेन, गावच्या विहिरीला आमचा हात लागत नसे. आई घागर घेऊन लांब बसायची. कोणी ओतलं तर पाणी. रंगुबाई नावाची एक म्हातारी होती, विहीर ज्यांची त्या वरच्या जातीच्याच घरातली. ती यायची, स्वतःची घागर भरायची आणि काही न बोलता आईच्या घागरीतही ओतायची. तिला घरचे बोलायचे, गाव बोलायचं. मनाई करणाऱ्यांपाशीही कारणं होतीच. त्यांना ती फार मोठी वाटत असणार. तहान मात्र आमची होती.

मी हे दोन्ही एकच आहे असं म्हणत नाही. देशावर लढाई आहे, पोरं मरताहेत. पण एका आईला तिच्या मुलाची बोट दिसू न देऊन त्यातला कोण वाचतो, ते मला कोणी समजावून सांगितलेलं नाही. मी विचारलं आहे. आवक नंबर माझ्याकडे आहे.

प्रज्ञाला म्हणालो, मागव. पण कोणी विचारलं तर खोटं सांगायचं नाही.

११ जुलै

पाच तासांनी पत्र आलं. मराठीत ज्याला गिचमिड म्हणतात तसं, ओळी एकमेकींत घुसलेल्या. पण 'मरीना ग्रेस' होती. नांगरलेलीच. वहिनींना निरोप पाठवला: हाय.

१३ जुलै

आज माझ्या हातून फार वाईट चूक झाली.

प्रज्ञा नगरला परीक्षेला गेली होती. वहिनी दोन दिवस बाजरीच्या पेरणीत अडकल्या, इकडे आल्या नाहीत. मला वाटलं, यादीचा कागदच पाठवावा, डोळ्यांनी बघतील. प्रज्ञाने दाखवल्याप्रमाणे छापायला घातला. कागद अडकला. ओढला तर वरचा कोपरा फाटून यंत्रातच राहिला. अक्षरं नीट आली होती, म्हणून नावाखाली पेनाने रेघ मारली आणि वस्तीकडे निघालेल्या आसारामजवळ दिला.

कोपरा फाटलेला कागद. माझ्या गावी, वहिनींच्या गावी, साऱ्या मुलखात कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे एकच बातमी. ते घरात घेत नाहीत, बाहेरच वाचून फाडून टाकतात. एवढं वय झालं आणि माझ्या ध्यानात आलं नाही. मी अक्षरं बघत होतो.

अर्ध्या तासाने वस्तीकडून रडणं ऐकू आलं. मी हा पाय ओढत गेलो. वीस-पंचवीस माणसं जमलेली, वहिनी बांधावर पडलेल्या, कागद दोन हात लांब मातीत. मी लांबूनच ओरडायला लागलो, "हाय, वहिनी, बोट हाय! सचिन हाय!" कोणाला खरं वाटेना. कागद उचलला, रेघ दाखवली, यंत्राचं सांगितलं, पुन्हा सांगितलं.

वहिनी उठून बसल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, कोपरा फाडून चिठ्ठी धाडत्यात व्हय? अक्कल गहाण ठिवली का?" आणि हसायला लागल्या, आणि हसता हसता परत रडल्या. मी त्यांच्या पाया पडलो. त्या म्हणाल्या, "उठा, पाय दुखल तुमचा."

तेवढ्यात कोणीतरी विचारलं, कागद आहे कशाचा. आसारामने वरची ओळ वाचली. "कराची," तो म्हणाला. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

१५ जुलै

हवालदार आले. श्रीमंत नाव त्यांचं, केडगावात सगळे ओळखतात. गावात बोलणं झालं होतं की सहादूच्या, म्हणजे माझ्या, बूथवर पाकिस्तानचा पेपर छापतात. खुर्ची दिली.

"काय छापता ते दाखवा."

मी यादी दाखवली. अर्जाची शिक्क्याची प्रत दाखवली. त्यांनी ओळीवर बोट फिरवत इंग्रजी वाचलं. "सिमेंट... साखर... हे तर एस. टी. स्टँडवरचं टाइमटेबल झालं."

"हो साहेब."

"पेपर बंद हाय ना? मंग आलं कुठून?"

"इटलीहून पत्र येतं," मी म्हणालो.

"इटलीचं पत्र बंद हाय का?"

"नाही."

त्यांनी टोपी काढून डोकं पुसलं. "मला वर सांगावं लागंल."

"सांगा. माझा जबाब लिहून घ्या, मी सही करतो."

जबाब झाला. कागद त्यांनी घडी करून खिशात घातला. जाताना दारातून परत वळले आणि प्रज्ञाला हळू आवाजात म्हणाले, "ताई, माझा भाचा द्रासला हाय. त्याचं कुठं येतं का यात?"

प्रज्ञा म्हणाली, "नाही काका. यात फक्त बोटी."

"तसं न्हाई, मी आपलं इचारलं," ते म्हणाले. वहिनींचंच वाक्य.

१९ जुलै

बूथ गेला तर काय, याचा विचार डोक्यातून जात नाही. पुन्हा खांबावर चढता येणार नाही. रतनला तसं म्हणालो. ती भाकरी थापत होती. "न्हाई चढायचं तर न्हाई चढायचं. मी हाय ना," म्हणाली. "आन पोरीला बोलू नका काही. तिच्या मनावर लई हाय." हिला वाटतं प्रज्ञा हवालदाराला घाबरली. मला तसं दिसत नाही.

आसाराम दोन दिवस दुकानातून मान वर करत नव्हता. आज स्वतःच आला. "मी फक्त वाचलं सहादूभाऊ. मला काय म्हाईत गाव ऐकतंय."

"वाचणं वाईट नाही," मी म्हणालो. "मीही तेच करतोय."

दुपारी भिंगारहून एक बाई आल्या. त्यांची बहीण कराचीला दिलेली. इथून पत्र मागवता येतं असं त्यांच्या कानावर आलं होतं. प्रज्ञाने त्यांना ई-मेल म्हणजे काय ते समजावलं. त्यात बंदी नाही, काहीच नाही, पण त्या इकडेतिकडे बघत दबक्या आवाजात बोलत होत्या. इतकं भ्यायला काय कारण, असं मनात आलं. मग आठवलं, मी पंधरा दिवस कशाने जागा आहे.

२३ जुलै, शुक्रवार

करमणूक शाखेचं उत्तर आलं. सदर विषय या शाखेच्या अखत्यारीत येत नाही. निदान अर्ज वाचला तरी. हवालदारही सांगून गेले, साहेब म्हणाले नजर ठेवा. म्हणून ते आता रोज चारला नजर ठेवायला येतात आणि चहा घेऊन जातात.

पण आजच्या यादीत 'मरीना ग्रेस' नाही.

प्रज्ञाने तीनदा वाचलं. मग मी वाचलं, एकेक अक्षर लावून. नाही. पत्र मध्येच तुटलं होतं, बोटी सुटल्याचा खालचा भाग आलाच नव्हता. "सुटली असेल," मी म्हणालो. तिने पुन्हा मागवलं. वहिनी दारात आल्या, "हाय का?" आणि मी या वेळी लगेच खरं तेच सांगितलं, "नाही वहिनी. का नाही ते उद्या कळेल."

त्या बाकावर बसल्या. दिवेलागणीपर्यंत बसल्या. प्रज्ञा त्यांच्या शेजारी. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण एका वेळी उठल्या.

२४ जुलै

सुटलेल्या बोटी: मरीना ग्रेस, तांदूळ, एकवीस जुलै.

प्रज्ञाने वाचलं आणि डोकं खाली टेकवलं ते नेमकं कळफलकावर. पडद्यावर एकाच अक्षराच्या ओळीच्या ओळी भरत गेल्या. मला तिला उठवावंसं वाटलं नाही. दुसरं कोणी समुद्रावर गेलं तर ही एवढं करेल का, असं मनात आलं. करेल. मन मऊ आहे तिचं.

२७ जुलै, मंगळवार

सव्वाचारला फोन वाजला. आवाज विहिरीतून आल्यासारखा. "काका, सचिन बोलतोय. फुजैरा."

मला दुसरं काही सुचेना. "जेवलास का?" विचारलं.

"मीच करतो ना काका," तो म्हणाला आणि हसला.

आसाराम सायकल घेऊन वस्तीकडे सुटला. मी फोन काचेच्या खोलीत दिला, धरून ठेव म्हणालो. वहिनी चिखलाच्या पायांनी आल्या. काचेतून ऐकू येत नव्हतं, दिसत होतं. आधी नुसतं ऐकत होत्या, मग रागावत होत्या, मग पदराने तोंड पुसत होत्या. मालकाने पैसे थकवले म्हणून बंदरवाल्यांनी बोट अडवली होती. लढाईचा संबंध एवढाच की भारतातल्या माणसांना खाली उतरू देईनात.

मग वहिनींनी दार उघडलं. "प्रज्ञा, ये बाय. तुझ्याशी बोलायचं म्हनतोय."

असं म्हणाल्या, जणू रांगेत पुढचा नंबर तिचाच होता. प्रज्ञा माझ्याकडे न बघता आत गेली आणि दार ओढून घेतलं.

वहिनी माझ्या शेजारी बसल्या. "भाऊ, त्या बोटीचं नाव मला अजून बोलता येत न्हाई," रस्त्याकडे बघत म्हणाल्या. "तिला कसं येतं, ते तुमी कधी इचारलं न्हाई."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"मला चालंल," त्या म्हणाल्या. "तुमचं तुमी बघा."

दीड महिना जे लिहिलं ते सगळं आता डोळ्यांपुढून गेलं. रतनला ठाऊक होतं. वहिनींना ठाऊक होतं. मग बाकीचंही आलं: त्यांचं घर कोणतं, आमचं कोणतं, वस्तीवर काय बोलतील, विहारात काय बोलतील. पुढचं प्रामाणिकपणे लिहितो. वेळ संपली की मी काचेवर टकटक करतो, सगळ्यांनाच करतो. माझा हात उचलला गेला होता. एकदा टकटक केली असती तरी त्यांचं बोलणं तिथंच तुटलं असतं.

आसाराम घाम पुसत दारात उभा होता. "सहादूभाऊ, मला पुण्याला लावायचाय. किती वेळ झाला, वाजवा की काच."

मी हात मांडीवर ठेवला.

"बोलू दे," म्हणालो.